इंजिन वाढलं, गिअरचे दात तेच

बोटीत जास्त ताकदीचं इंजिन बसवणं आज फारसं कठीण राहिलेलं नाही. अमेरिकेत, मोठ्या तळ्यांवर आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, हौसेने वेगवान बोटी बाळगणारे पुष्कळ आहेत. त्यातले कित्येक जण 300 अश्वशक्तीचं व्ही-एट काढून त्या जागी सुपरचार्जर लावलेलं 600 अश्वशक्तीचं इंजिन बसवतात. इंजिन बसतं, सुरू होतं, बोट सुसाट सुटते. मग एखाद्या दिवशी भर पाण्यात खाड्कन आवाज होतो, इंजिन मोकळं फिरायला लागतं आणि बोट जागच्या जागी थांबते. मोडलेलं असतं ते इंजिनाच्या मागचं यंत्र, म्हणजे स्टर्नड्राइव्ह.

आपल्या कोकण किनाऱ्यावर हे यंत्र क्वचितच दिसतं. ट्रॉलरचं इंजिन पोटात असतं आणि सरळ शाफ्ट तळातून बाहेर पंख्याकडे जातो. छोट्या फायबर होड्यांना मागे आउटबोर्ड मोटर टांगलेली असते. स्टर्नड्राइव्हमध्ये या दोन्हींचा मेळ आहे. मोटारीसारखं मोठं इंजिन बोटीच्या आत, आणि मागच्या भिंतीबाहेर आउटबोर्डच्या पायासारखा पाय, जो वळतो आणि वरखालीही होतो. ही रचना स्वीडनच्या व्होल्वो पेंटाने 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात मांडली. नाव अ‍ॅक्वामॅटिक, इंजिन 80 अश्वशक्तीचं. त्यामागे जिम विन या अमेरिकन इंजिनिअरची कल्पना होती. विन आधी मर्क्युरी आउटबोर्ड बनवणाऱ्या कार्ल कीकहेफरकडे नोकरीला होता. 1961 मध्ये कीकहेफरनेही मर्क्रूझर बाजारात आणलं.

80 अश्वशक्तीसाठी जन्मलेली ही मांडणी आज कितीतरी पट ताकद वाहते, पण ताकदीची वाट तीच आहे. इंजिनाकडून आडवा शाफ्ट येतो, मध्ये दोन क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असतात. वरच्या गिअरपेटीत ताकद काटकोनात वळून उभ्या शाफ्टवर जाते आणि तळाशी पुन्हा काटकोनात वळून पंख्यापर्यंत पोहोचते. ट्रकच्या डिफरन्शियलमध्ये क्राउन-पिनियनची एक जोडी असते, इथे तशा दोन जागा आहेत, एक वर आणि एक खाली. आणि हे सगळं अ‍ॅल्युमिनियमच्या अशा पेटीत, जी पाणी कापता यावं म्हणून मुद्दाम अरुंद ठेवलेली असते. जाड गिअर घालायला तिथे जागाच नाही. स्टर्नड्राइव्ह मजबूत करणाऱ्या कारागिराची खरी अडचण इथून सुरू होते.

हिशेब करून पाहा. 300 अश्वशक्तीचं इंजिन मिनिटाला 4800 फेऱ्यांवर सुमारे 445 न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) देतं. 600 अश्वशक्तीचं इंजिन 5200 फेऱ्यांवर सुमारे 820 देतं. ड्राइव्हचं गुणोत्तर दीडास एक असेल, तर पंख्याच्या शाफ्टवर हाच पीळ बाराशेच्या वर जातो. बेअरिंगचं गणित याहून कडक आहे. रोलर बेअरिंगवरचा भार दुप्पट केला, की त्याचं आयुष्य अर्ध्यावर येत नाही, साधारण दहाव्या हिश्श्यावर येतं.

मग लोक काय करतात? सगळ्यांत आधी कडक पोलादाचे गिअर मागवतात. माझ्या मते पैसे आधी तिथे घालू नयेत. तिरप्या दातांचे दोन गिअर एकमेकांना फिरवताना एकमेकांना दूरही ढकलत असतात. पीळ वाढला की ही ढकल वाढते आणि ती झेलते अ‍ॅल्युमिनियमची पेटी. पेटी केसभर जरी वाकली, तरी पिनियन आपल्या जागेवरून सरकतो. जो भार दाताच्या पूर्ण रुंदीवर पडायला हवा, तो एका कडेवर येतो आणि कड तुटते. दात तुटण्यामागे पोलादाचा दोष कमी असतो, दात जागेवरून हलल्याचा जास्त. म्हणून जाणते कारागीर सुरुवात वरच्या पेटीपासून करतात. जाड भिंतींची नवी पेटी आणि तिच्यावर भक्कम, न वाकणारं झाकण. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या मर्क्रूझरच्या ब्राव्हो ड्राइव्हवर हे काम सर्रास होतं, कारण मोठ्या व्ही-एट इंजिनांमागे तोच ड्राइव्ह सगळ्यांत जास्त दिसतो.

पेटी बदलली तरी अर्धंच काम झालं. उरलेलं काम शिमांचं. शिम म्हणजे मिलिमीटरच्या शतांश भागात मोजायच्या पातळ चकत्या. त्या बेअरिंगच्या मागे घालून किंवा काढून पिनियन किती आत बसेल ते ठरतं. कारागीर दोन-चार दातांना ब्रशने रंगाचा पातळ लेप लावतो, एका हाताने पंख्याचा शाफ्ट अडवून धरतो, दुसऱ्या हाताने वरून गिअर फिरवतो आणि मग बॅटरीच्या उजेडात दातांवर उमटलेला ठसा बघतो. ठसा दाताच्या साधारण मध्यभागी, लांबट अंडाकृती उमटला तर ठीक. टोकाकडे किंवा मुळाकडे गेला, तर सगळं पुन्हा खोलायचं, एक शिम बदलायचा आणि पुन्हा जोडायचं. शिवाय दोन दातांमधला प्ले डायल गेजने मोजायचा. फार कमी ठेवला तर तापल्यावर दात एकमेकांत आवळतात, फार जास्त ठेवला तर प्रत्येक झटक्याला हातोडीसारखे आदळतात. या कामाला घाई केलेली चालत नाही. महागडे गिअर घालून शिम जुनेच ठेवलेला ड्राइव्ह पहिल्याच मोसमात परत येतो.

चांगल्या पोलादाचा उपयोग यानंतर. दाताची कातडी कडक लागते आणि गाभा चिवट. आतपर्यंत कडक असलेला दात काचेसारखा तडकतो. त्यात दाताच्या मुळावर बारीक पोलादी छर्ऱ्यांचा मारा केला, की पृष्ठभागावर दाबाचा ताण साठतो आणि चीर सहजी सुरू होत नाही. याला शॉट पीनिंग म्हणतात. उभा शाफ्टही बदलावा लागतो. जास्त पीळ सोसलेला जुना शाफ्ट बाहेर काढला की त्याचं दुखणं डोळ्यांनी दिसतं. स्प्लाइनच्या ज्या रेघा सरळ हव्यात, त्या एका बाजूला कललेल्या असतात. असा शाफ्ट अजून तुटलेला नाही म्हणून पुन्हा बसवणं मला गुन्हाच वाटतो.

उष्णतेकडे मात्र बहुतेकांचं लक्षच जात नाही. 600 अश्वशक्तीतली एक टक्का जरी घर्षणात गेली, तरी साडेचार किलोवॉट उष्णता होते. घरातले दोन गीझर एकदम चालू ठेवावेत साधारण तेवढी. ती झेलायला आत जेमतेम अडीच-तीन लिटर गिअर ऑइल. खालची पेटी पाण्यात असते, म्हणून निवते. वेगात वरची पेटी हवेत असते, ती तापत राहते. त्यासाठी वरच्या पेटीवर पाण्याचे फवारे सोडणारी छोटी नळी बसवतात. एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

आणि तरीही ड्राइव्ह मोडतो तो बहुधा लाटेवर. बोट उडाली की पंखा पाण्याबाहेर येतो, इंजिन क्षणात कमाल फेऱ्यांवर जातं. बोट पुन्हा खाली येते तेव्हा पाणी पंख्याला एकदम पकडतं. वेगात फिरणाऱ्या फ्लायव्हीलची सगळी ऊर्जा त्या क्षणी गिअरच्या एक-दोन दातांवर येते. समुद्रातल्या शर्यतींत सुकाणूवर एक माणूस आणि फक्त थ्रॉटलवर दुसरा असतो, तो याचसाठी. बोट हवेत गेली की हात मागे, पाण्यात नीट बसली की पुढे. हौशी चालकाकडे असा दुसरा माणूस नसतो. म्हणून ड्राइव्ह बांधून देणाऱ्याने गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारावा तो अश्वशक्तीचा नव्हे. बोटीचं वजन किती, आणि ती चालवणार कुठे, शांत तळ्यात की उघड्या समुद्रात? जड बोट उघड्या समुद्रात 500 अश्वशक्तीवरही जे गिअर मोडेल, ते हलक्या बोटीत तळ्यावर 600 ला टिकतील.

मर्यादाही ओळखायला हवी. मर्क्रूझर बनवणाऱ्या मर्क्युरीच्या रेसिंग विभागाने स्वतः 600 अश्वशक्तीच्या इंजिनामागे ब्राव्होची एक्सआर ही मजबूत आवृत्ती दिली. हजार अश्वशक्तीच्या पुढच्या इंजिनांसाठी मात्र त्यांनी नंबर सिक्स हा वेगळाच, मोठा ड्राइव्ह ठेवला. ज्यांना तिथवर जायचं आहे त्यांनी जुन्या पेटीत पैसे ओतू नयेत.

बसवतानाही एक गोष्ट चुकवून चालत नाही. इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आहेत का, हे अलाइनमेंट बारने पाहायचं. तेल लावलेला हा दांडा बोटीच्या मागच्या भिंतीतल्या गिंबल बेअरिंगमधून इंजिनाच्या कपलरमध्ये दोन बोटांनी सरकला पाहिजे. ठोकावा लागला तर इंजिनाचे पाये वरखाली करायचे. ताकद वाढली की सुकाणूवरचा जोरही वाढतो, म्हणून दोन्ही बाजूंनी हायड्रॉलिक सिलिंडर हवेत, नाहीतर ड्राइव्ह वेगात थरथरायला लागतो.

सुरुवातीचे काही तास पूर्ण थ्रॉटल नको, आणि एकाच वेगावर तासन्‌तास चालवणंही नको. मग तेल बदलायचं आणि चुंबकाचा ड्रेन प्लग नीट पाहायचा. त्यावर राखाडी, बारीक गाळ असला तर तो नव्या दातांची घासणी आहे, पुसून टाकायचा. चकचकीत तुकडे किंवा सुईसारख्या कपच्या दिसल्या, किंवा तेल दुधाळ झालं असलं, तर बोट पाण्यात न घालता ड्राइव्ह पुन्हा टेबलावर घ्यायचा.