दप्तरातील ग्लुकोज आणि शाळेची मुभा

१४ नोव्हेंबर हा दिवस आपल्या शाळांतून बालदिन म्हणून साजरा होतो. परंतु इन्सुलिनच्या शोधकांपैकी एक, डॉ. फ्रेडरिक बँटिंग, यांचा जन्मही १८९१ साली याच तारखेस झाला आणि म्हणून जगभर तो मधुमेह दिन म्हणूनही पाळला जातो, ही गोष्ट शिक्षकवर्गाच्या क्वचितच ध्यानी असते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलास इन्सुलिन प्रथम टोचण्यात आले. तत्पूर्वी ज्या बालकास हा विकार जडे त्याचे आयुष्य बहुधा काही महिन्यांत, फार तर दोन-तीन वर्षांत संपुष्टात येई. तेव्हा असे मूल शाळेत कसे सांभाळावे हा प्रश्नच मुळी इन्सुलिनच्या कृपेने आपल्यापुढे आला आहे, आणि तो कृतज्ञतेने हाती घेतला पाहिजे.

घरोघरी आजी-आजोबांना असतो त्या मधुमेहाहून हा टाइप १ मधुमेह निराळा आहे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. तो गोड खाल्ल्याने होत नाही, स्पर्शाने पसरत नाही, आणि कारल्याच्या रसाने बरा होत नाही. मुलाला इन्सुलिन बाहेरूनच द्यावे लागते, बहुधा दिवसातून चार वेळा, आणि त्यांतली एक वेळ मधल्या सुट्टीत, डबा उघडण्यापूर्वी येते.

शाळेच्या वेळेत खरी धास्ती असते ती साखर उतरण्याची. इन्सुलिन घेतले पण डबा अर्धाच संपला, किंवा खेळाच्या तासाला नेहमीपेक्षा अधिक धावपळ झाली, की रक्तातील साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू शकते; मग हात थरथरतात, घाम फुटतो, मूल चिडचिडे होते, किंवा फळ्याकडे पाहत असूनही त्याला काही उमजेनासे होते. ज्या शिक्षकास हे ठाऊक नाही तो त्यास उद्धटपणा वा आळस समजून शिक्षा करतो, आणि ज्या क्षणी साखर हवी त्या क्षणी मूल वर्गाबाहेर एकटे उभे असते! इलाज मात्र अगदी साधा आहे: साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे (लहान मुलास वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तेवढी कमी), पाण्यात घालून ताबडतोब पाजावी, १५ मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पुन्हा तपासावे, आणि आकडा चढला नसेल तर तेवढीच पुन्हा द्यावी. चॉकलेट येथे कामाचे नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर सावकाश रक्तात उतरते. मूल बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही न घालता त्यास कुशीवर निजवावे आणि तत्काळ दवाखान्यात न्यावे.

या साऱ्या व्यवस्थेत सर्वांत महत्त्वाची बाब कोणती, असे विचाराल तर मी औषधाचे नाव न घेता परवानगीचे घेईन. पाणी पिण्यास, लघवीस जाण्यास, दप्तरातील ग्लुकोज तोंडात टाकण्यास किंवा बाकावर बसूनच बोट टोचून साखर तपासण्यास मुलाने प्रत्येक वेळी हात वर करून चाळीस जणांसमोर सबब सांगावी, हा कारभार अन्यायाचा आहे. वर्षारंभीच मुख्याध्यापकांनी कायमची लेखी मुभा देऊन ती प्रत्येक विषयशिक्षकाच्या आणि विशेषतः बदली शिक्षकाच्या नजरेस आणली पाहिजे. दंडावर साखर मोजणारा संवेदक लावलेल्या मुलाचा आकडा मोबाइलवर दिसत असेल तर मोबाइलबंदीच्या नियमातूनही त्यास सूट हवी. चक्कर येत असलेल्या मुलास कार्यालयात पाठवायचेच असेल, तर सोबत कोणी मोठे माणूस द्यावे. इन्सुलिन टोचण्यासाठी स्वच्छतागृहाचा कोपरा दाखवणे हे तर सरळ अपमानास्पद होय. ज्यास चारचौघांत संकोच वाटत नाही त्याने वर्गातच टोचावे, ज्यास वाटतो त्यास शिक्षककक्षात जागा द्यावी.

परीक्षेच्या बाबतीत केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही परीक्षार्थींना साखरेच्या गोळ्या, फळे, अल्पोपाहार व पाण्याची लहान बाटली नेण्याची सवलत दिली, हे स्तुत्य झाले. घटक चाचणीत वा सहामाहीत तीच सवलत देण्यास कोणत्याही शाळेला वरून फर्मान येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

राहता राहिली सहल. जबाबदारी नको म्हणून अशा मुलास घरीच ठेवण्याचा सल्ला पालकांना दिला जातो. वास्तविक तजवीज फार थोडी लागते. वापरात असलेले इन्सुलिनचे पेन साधारण चार आठवडे घरच्या तापमानात टिकते, परंतु उन्हात तापलेल्या बसमध्ये ते खराब होते. म्हणून थंड पिशवीत, बर्फाला प्रत्यक्ष न टेकवता, ते शिक्षकांच्या हाती असावे, ग्लुकोज मुलाच्या खिशात असावे, आणि जेवणास उशीर होणार असेल तर तो निघण्यापूर्वी आईला कळवावा, म्हणजे ती डब्यात आणखी एक पोळी बांधून देईल.