पॅरिसची खाणावळ : खिशाला परवडणारे फ्रेंच जेवण

फ्रेंच जेवण म्हटले की चकचकीत पेले, न वाचता येणारे मेनूकार्ड आणि डोळे पांढरे करणारे बिल असे चित्र मराठी पर्यटकाच्या मनात उभे राहते. त्यामुळे भिंगारहून युरोपच्या सहलीला गेलेले एखादे कुटुंब आयफेल टॉवर पाहते, लूव्र संग्रहालय पाहते. जेवणाच्या वेळी मात्र सहल कंपनीच्या पोळी-भाजीकडे किंवा बर्गरच्या दुकानाकडे वळते. युनेस्कोने २०१० साली ज्या भोजनपरंपरेला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला, तिची चव न घेताच ते परतते. वास्तविक खुद्द पॅरिसमध्ये सर्वसामान्यांसाठी अस्सल फ्रेंच खाणावळी आहेत. त्यांना 'बुयों' म्हणतात.

'बुयों' म्हणजे मांस व भाज्या उकळून काढलेला रस्सा. १८५५ च्या सुमारास द्युव्हाल नावाच्या एका खाटकाने पॅरिसच्या 'ले आल' या मध्यवर्ती बाजारातील श्रमिकांना स्वस्तात रस्सा आणि शिजवलेले मांस देण्यास प्रारंभ केला. पदार्थाचेच नाव पुढे खाणावळीला मिळाले. 'रेस्टॉरंट' या शब्दाची कथाही अशीच आहे. अठराव्या शतकात तो शब्द शक्तिवर्धक रश्शासाठी वापरला जात असे. १९०० च्या सुमारास पॅरिसमध्ये अशी सुमारे २५० बुयों होती. घरापासून दूर असलेल्या माणसाला माफक दरात गरम जेवण मिळावे, ही गरज भिंगारसारख्या छावणीच्या गावाला वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढे काळाच्या ओघात बहुतेक बुयों बंद पडली. १८९६ साली सुरू झालेले फोबूर मोंमार्त्र रस्त्यावरील 'बुयों शार्तिए' मात्र टिकून राहिले. त्याच्या वास्तूला १९८९ मध्ये ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे हातरुमाल ठेवण्याचे क्रमांक घातलेले खण तेथे अद्याप पाहायला मिळतात. अनोळखी माणसांना एकाच टेबलावर बसविले जाते आणि वाढपी टेबलावरच्या कागदावरच हिशेब मांडतो. २०१७ मध्ये 'बुयों पिगाल' व २०२१ मध्ये 'बुयों रेप्युब्लिक' सुरू झाले आणि या परंपरेला नवी उभारी मिळाली. तीन पदार्थांचे जेवण येथे साधारणतः वीस युरोंच्या, म्हणजे सुमारे दोन हजार रुपयांच्या आसपास होते.

हे दर कसे परवडतात? पदार्थ ठरावीक असतात आणि बरेचसे आधी तयार करून ठेवता येतात. मांसाचे स्वस्त, कडक तुकडे मंद आचेवर तासन् तास शिजवून मऊ करायचे, हे या स्वयंपाकाचे मर्म होय. दालन मोठे, टेबले दाटीने मांडलेली आणि पंगतीमागून पंगत उठणारी. नफा चढ्या दरातून नव्हे, तर गिऱ्हाइकांच्या संख्येतून मिळतो.

मराठी पर्यटकाची खरी अडचण अनेकदा पैशाची नसून खाण्या-न-खाण्याची असते. त्यासाठी काही शब्द ठाऊक असावेत. 'अफ' म्हणजे अंडे, तर 'बफ' म्हणजे गोमांस; अफ मायोनेझ ही उकडलेल्या अंड्याची साधी डिश आहे, बफ बूर्गिन्यों मात्र वाइनमध्ये शिजवलेले गोमांस. 'व्हो' म्हणजे वासराचे मांस, 'पॉर' म्हणजे डुकराचे, 'पुले' म्हणजे कोंबडी आणि 'प्वासों' म्हणजे मासे. कांद्याचे प्रसिद्ध सूप शाकाहारी वाटले, तरी ते बहुधा गोमांसाच्या रश्शात केलेले असते. सॅलडमध्ये 'लार्दों', अर्थात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात. शाकाहारी मंडळींना किसलेल्या गाजराचे सॅलड किंवा कुस्करलेले बटाटे यांवर भागवावे लागेल. मागविण्यापूर्वी विचारून घेणे श्रेयस्कर.

बुयोंबाहेरही काटकसर करता येते. फ्रान्समध्ये उपाहारगृहाने दरपत्रक बाहेर लावणे बंधनकारक असल्याने आत शिरण्यापूर्वीच खर्चाचा अंदाज येतो. तेथे 'मेनू' म्हणजे ठरलेल्या दराचे पूर्ण जेवण, तर पदार्थांच्या यादीला 'कार्त' म्हणतात. दुपारचे 'फॉर्म्यूल', म्हणजे दोन-तीन पदार्थांचा संच, रात्रीच्या जेवणापेक्षा स्वस्त पडतो. बाटलीबंद पाण्याऐवजी 'कराफ दो' मागावे. जेवणासोबत नळाचे पाणी विनामूल्य मिळते, तसाच पावही. सेवाशुल्क दरातच धरलेले असल्याने बक्षिशी देण्याची सक्ती नसते. अनेक ठिकाणी दुपारी दोन-अडीचनंतर स्वयंपाकघर बंद होते, हेही ध्यानात ठेवावे.

एखाद्या देशाची ओळख केवळ त्याच्या स्मारकांतून होत नाही. तेथील नोकरदार, विद्यार्थी आणि निवृत्त माणसे ज्या टेबलावर रोजचा घास घेतात, तेथे तासभर बसले, तरी तो देश बराचसा उमगतो; आणि पॅरिसमध्ये त्यासाठी श्रीमंत असावे लागत नाही.