घर अर्धं बांधून देणारा आर्किटेक्ट : बी. व्ही. दोशी

ऐकायचं राहिलं असेल त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर.

आमच्या नायगावात स्लॅब पडला तरी कॉलमच्या सळया वर तशाच सोडतात. पुढं-मागं पोरगं अजून एक मजला चढवील, हा हिशोब. बाहेरच्याला ते अर्धवट बांधकाम दिसतं. पण हाच हिशोब धरून एका माणसानं अख्खी वसाहत आखली. 2018 मध्ये त्यांना प्रित्झकर मिळालं, म्हणजे आर्किटेक्चरमधलं नोबेलच समजा. ते मिळवणारे पहिले भारतीय, बाळकृष्ण दोशी.

जन्म पुण्याचा, 1927 चा. घरचा धंदा फर्निचरचा. मुंबईत जे. जे. ला शिकले, मग लंडन, तिथून पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या ऑफिसात. पहिले आठ महिने बिनपगारी! (इंटर्नशिपवाल्यांनो, हे तुमच्या एचआरला सांगू नका.) पुढं कॉर्बुझिएंच्या कामांवर देखरेख करायला अहमदाबादला आले आणि तिथलेच झाले.

आता ती वसाहत. इंदूरजवळचं अरण्य, 1980 च्या दशकातलं. सुमारे साडेसहा हजार घरांची आखणी, आणि बहुतेक घरं गरिबांसाठी. सगळ्यात लहान प्लॉट 35 चौरस मीटरचा. एवढ्या लोकांना पूर्ण घर द्यायला पैसा पुरणार नव्हता. मग दोशींनी ठरवलं, की माणसाला एकट्याला जमत नाही तेवढंच आधी करायचं. पाया, संडास-मोरी, नळ, ड्रेनेज, जमलं तर एक खोली. बाकी घर ज्याचं त्यानं, हातात पैसा येईल तसं वाढवायचं. नमुना म्हणून 80 घरं बांधून दाखवली. ओटा कसा, बाहेरून जिना कसा, गॅलरी कुठं, ते बघा आणि आपापलं ठरवा. आमच्या भाषेत सांगायचं तर कोअर पक्का, फीचर युजरचे. 1995 ला या कामाला आगाखान पुरस्कार मिळाला. नंतर लोकांनी घरं पार बदलून टाकली. काहींना ते खटकतं, मला तर तिथंच प्लॅन पास झाला असं वाटतं.

शिकवण्यातही तेच. 1962 ला त्यांनी अहमदाबादला आर्किटेक्चरची शाळा काढली, आजचं सेप्ट विद्यापीठ. इमारतही त्यांचीच, मोकळी; एका वर्गाचं काम दुसऱ्याला येता-जाता दिसावं अशी. 2023 च्या जानेवारीत, 95 व्या वर्षी ते गेले.

हे सगळं आपल्याला कशाला? कारण आपल्याकडं घरकुल मंजूर होतं ते कमीत कमी 25 चौरस मीटरचं. बहुतेक जण आधी चार भिंती उभ्या करतात, जिन्याचं नंतर बघू म्हणतात. मग वरची खोली काढायची वेळ आली की जिना येतो स्वयंपाकघरातून, नाहीतर संडासाच्या दारावर. पाया खोदायच्या आधी मिस्त्रीला एवढंच विचारा: वर मजला चढवायचा झाला तर हा पाया पेलेल का, जिना कुठून निघेल, आणि पाइप कुठून जातील? आणि तोवर उघड्या सळयांना सिमेंटचा घोळ फासून ठेवा, गंजतात त्या.

तुमच्या घरात जिना कुठून निघालाय? कमेंटमध्ये सांगा.