सर्दी-पडसे आणि प्रतिजैविक औषधे



दिवाळीची सुटी संपून शाळा भरू लागल्या की वर्गावर्गांतून खोकल्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. गेल्या हिवाळ्यात पाथर्डी तालुक्यातील एका शाळेस भेट दिली असता, तिसरीतील एका मुलाच्या दप्तरात गोळ्यांचे अर्धवट पाकीट आढळले. त्यावर उभी तांबडी रेघ होती. विचारता तो म्हणाला, "दादाच्या उरल्या होत्या, आईनं दिल्या." आईची माया खरी होती; समजूत मात्र चुकीची होती. ती दूर करणे शिक्षकास शक्य आहे.

रोगजंतूंचे दोन प्रमुख प्रकार येथे ध्यानात घ्यावेत : जिवाणू व विषाणू. जिवाणू ही स्वतंत्रपणे जगणारी पेशी असून तिच्याभोवती बहुधा भिंत असते. पेनिसिलिन ही भिंत नीट बांधू देत नाही, म्हणून जिवाणू फुटून मरतो. अन्य प्रतिजैविके त्याच्या दुसऱ्या एखाद्या यंत्रणेवर घाव घालतात. विषाणूस अशी भिंत वा यंत्रणा नसते. तो आपल्याच पेशीत शिरून तिच्याकडून आपली वाढ करवून घेतो. सर्दी, इन्फ्लुएंझा व मुलांचे बहुतेक साधे खोकले विषाणूंमुळे होतात. त्यांवर प्रतिजैविक देणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! शेंबूड पिवळा झाला एवढ्यावरून जिवाणूंचा रोग ठरत नाही. आठवड्याभरात मूल आपोआप बरे होते आणि श्रेय मात्र गोळीस मिळते.

पण गोळी वाया जाते एवढ्यावर हे थांबत नाही. तिने शरीरातील दुबळे जिवाणू मरतात, तग धरणारे वाढतात. पुढे त्याच मुलास जिवाणूंमुळे न्यूमोनिया झाला तर औषध लागू न पडण्याचा धोका राहतो. १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच हा इशारा दिला होता. शेजारच्या पुणे जिल्ह्यात पिंपरी येथे १९५४ साली सरकारी कारखाना स्थापन होऊन हे औषध देशात बनू लागले. अशा कष्टाने लाभलेले हे शस्त्र आपल्या हातून बोथट होऊ नये.

पालकसभेत पुढील गोष्टी आवर्जून सांगाव्यात. तांबड्या रेघेचे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये. उरलेली गोळी दुसऱ्यास देऊ नये. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलेच, तर ते सांगितले तितके दिवस घ्यावे. साध्या सर्दीस विश्रांती, कोमट पाणी व पुरेसा आहार हितकर असतो. शाळेत साबणाने हात धुण्याची व खोकताना तोंड झाकण्याची सवय लावावी.

मात्र धाप लागणे, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणे, गुंगी येणे, पाणीही न पिणे, तीन दिवसांहून अधिक ताप राहणे किंवा कान फुटणे, यांपैकी काहीही दिसल्यास मुलास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. कोणते औषध द्यावे हे डॉक्टर ठरवतील; मूल वेळेवर तेथे पोचेल हे पाहणे आपले काम आहे.