फोटो लगेच हातात, पण एकच! इन्स्टंट कॅमेरा वापरताना काय सांभाळावं

भाचीच्या मेहंदीला तिला कुणीतरी इन्स्टंट कॅमेरा तोहफा म्हणून दिला. घरात नुसती धमाल. बटण दाबलं की वरच्या फटीतून पांढऱ्या कडांचा कागद बाहेर येतो आणि बघता बघता त्यावर चेहरे उमटतात. तीन फोटो निघाले. चौथ्यासाठी आमच्या अम्मी येऊन बसल्या. अम्मी मोबाईलवर कधीच फोटो काढू देत नाहीत. "किसके किसके फोन में जाती वो तस्वीर, किसको मालूम," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. हा फोटो फक्त कागदावर येतो आणि आपल्याच हातात राहतो, हे सांगितल्यावर त्या तयार झाल्या. ओढणी सारखी केली, चष्मा काढून ठेवला.

तेवढ्यात सात वर्षांच्या पुतण्याने फोटो नेमका कुठून येतो ते बघायला कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. आतल्या उरलेल्या सातही फिल्म गेल्या. पुढचा कागद आला तो कोरा पांढरा. अम्मी म्हणाल्या, "इत्ता सज के बैठी, और मेरी तस्वीरच नहीं आई!" रात्री नऊला आमच्या गावात दुसरा पॅक कुठे मिळणार?

चूक पोराची नव्हती. आम्ही मोठ्यांनीच सोबतचं माहितीपत्रक वाचलं नव्हतं. सध्या लग्नात, वाढदिवसाला हे कॅमेरे खूप दिले जातात, म्हणून हे लिहितोय.

आधी हा फोटो बनतो कसा ते पाहू. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड नसतं. प्रत्येक फिल्म म्हणजे एकावर एक बसवलेले पातळ थर. फोटोची जी पांढरी कड जास्त रुंद असते, तिथे रसायनाची छोटी पुडी असते. बटण दाबल्यावर फिल्मवर उजेड पडतो, मग ती दोन रोलरमधून बाहेर ढकलली जाते. रोलर ती पुडी दाबून फोडतात आणि रसायन थरांमध्ये सारखं पसरतं. म्हणजे फोटो धुण्याची अख्खी लॅब त्या एका कागदात असते. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही.

ही कल्पना अमेरिकेतल्या एडविन लँड यांची. १९४३ मध्ये सुट्टीवर असताना त्यांच्या लहान मुलीने विचारलं, काढलेला फोटो आत्ता लगेच का दिसत नाही? त्यातून १९४७ मध्ये त्यांनी हे तंत्र जगापुढे मांडलं आणि १९४८ मध्ये पोलरॉइड कॅमेरा विक्रीला आला. आपल्याकडे आता जास्त दिसतो तो जपानच्या फुजीफिल्मचा इन्स्टॅक्स मिनी. पुढचं बरंचसं त्यालाच धरून आहे.

एका पॅकमध्ये १० फिल्म असतात. पॅक कडेने धरा, मागच्या बाजूला दाबू नका. कॅमेऱ्यावरची पिवळी खूण आणि पॅकवरची पिवळी खूण जुळवून बसवा, झाकण लावा आणि एकदा बटण दाबा. पहिला काळा कागद बाहेर येईल. ते फिल्मचं आवरण आहे, फोटो नाही. आमच्या एका पाहुण्यांनी तो "फोटो येईल" म्हणून बराच वेळ हातात धरून ठेवला होता! त्यानंतर आकडा १० दिसतो आणि एकेक कमी होत जातो. तो शून्यावर येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. लहान मुलं घरात असतील तर मी झाकणावर चिकटपट्टी लावायलाच सांगेन.

सेल अल्कलाइनच घ्या, दोन्ही नवे आणि एकाच कंपनीचे. भिंतीवरच्या घड्याळाचे स्वस्त सेल फ्लॅशला पुरत नाहीत. कॅमेरा महिनोन्महिने कपाटात राहणार असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते आत गळतात.

आता अंतर. मिनी १२ चा फ्लॅश जेमतेम सव्वादोन मीटरपर्यंत, म्हणजे सात फुटांपर्यंतच पोचतो. रात्री हॉलच्या मागच्या खुर्चीवरून स्टेजचा फोटो घेतला तर काळोखच येणार. जवळ जा, पण अगदी नाकाला भिडू नका. साधारण अर्धा मीटर तरी सोडा, त्याहून जवळ असाल तर जवळच्या फोटोचा मोड लावा. बघायची खिडकी आणि लेन्स वेगवेगळ्या जागी असल्याने जवळचा फोटो थोडा सरकतो, तेव्हा चेहऱ्याभोवती जागा ठेवा. बोट फ्लॅशवर किंवा फोटो निघतो त्या फटीवर येऊ देऊ नका.

फोटो बाहेर आला की मोटर थांबू द्या, मग कड धरून अलगद घ्या. आणि तो झटकू नका. ही सवय जुन्या, सोलून काढायच्या फोटोंच्या काळातली आहे, तेव्हा वरचा ओलावा वाळवायला लोक फोटो हलवायचे. आताचा फोटो बंद असतो, हलवून, वाकवून थर बिघडतात. टेबलावर ठेवा, दीड मिनिटात चित्र दिसू लागतं. पोलरॉइडच्या रंगीत फिल्मला मात्र १०-१५ मिनिटं लागतात, आणि ती बाहेर येताच उजेडापासून झाकावी लागते.

आपल्याकडे खरा शत्रू उन्हाळा. इन्स्टॅक्ससाठी ५ ते ४० अंश तापमान सांगितलेलं आहे, आणि मे महिन्यात मराठवाड्यात, विदर्भात पारा त्याच्या वर जातो. बंद गाडीत पॅक विसरलात तर तो गेलाच समजा. फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही, पण वापरण्यापूर्वी तासभर बाहेर काढून ठेवा. खोक्यावरची मुदत बघूनच घ्या. उमराहला किंवा आखातात जाताना फिल्म हातातल्या बॅगेत ठेवा. सामानाच्या बॅगांचं एक्स-रे मशीन जोरकस असतं, त्याने फिल्म खराब होऊ शकते. तपासणीवाल्यांना ती हातानेच बघायची विनंती करा.

लेन्स मऊ कोरड्या कापडाने पुसा, थिनर किंवा स्पिरिट नको. सगळ्या फोटोंवर एकाच तऱ्हेचा डाग येऊ लागला तर रोलरवर मळ असू शकतो. पॅक संपल्यावर, कॅमेरा रिकामा असतानाच तो हलक्या हाताने साफ करा.

फोटो कात्रीने कापू नका, मुलांना चावू देऊ नका. आतलं रसायन क्षारयुक्त, त्वचेला जाळणारं असतं. हाताला लागलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. गरम लॅमिनेशनही करू नका. ज्यांना प्रत हवी त्यांनी मोबाईलने त्या कागदाचा फोटो घ्यावा. पण ज्यांनी केवळ कागदावरच म्हणून होकार दिला, त्यांना आधी विचारा.

अम्मींचा फोटो नंतर जमला. सकाळी दहाला, व्हरांड्यात, चार फुटांवरून. त्यांनी तो आपल्या लोखंडी संदुकीत ठेवला होता. वर पत्र्याचं छप्पर, उन्हाळ्यात संदूक तव्यासारखी तापते, म्हणून मी तो खालच्या खोलीतल्या लाकडी कपाटात हलवला. चावी मात्र त्यांच्याकडेच आहे.