बटण दाबलं तरी दिवा लागत नाही? बोर्ड उघडण्याआधी हे वाचा

चंद्रपूर-गडचिरोलीत पावसाळ्यात भिंती ओल धरतात, बोर्डात मुंग्या शिरतात आणि बटणं बिघडतात. दुरुस्ती सोपी आहे, पण क्रम चुकला तर २३० व्होल्टचा झटका जीव घेऊ शकतो.

१. बल्ब दुसऱ्या होल्डरमध्ये लावून बघा. तिथेही लागला नाही, तर दोष बल्बचा.

२. टेस्टर चालू सॉकेटवर तपासून घ्या. मग मेन स्विच बंद करा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. फेजच्या वायरीत करंट असतोच. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन बंद असूनही तो बोर्डात वीज सोडतो. अनेक जण नेमके इथेच फसतात.

३. बोर्ड उघडून प्रत्येक स्क्रूला टेस्टर लावा. तो पेटला नाही, तरच हात घाला.

४. ढिला स्क्रू आवळा. बटण काळवंडलं असेल, तर वायरींचा फोटो काढून तेवढ्याच अँपिअरचं नवीन बसवा.

भिंत ओली आहे, जळका वास येतोय किंवा एमसीबी पुन्हा पुन्हा पडतोय? मग वायरमनलाच बोलवा. बिघाड मीटरच्या बाहेर, खांबाकडे असेल तर महावितरणचा क्रमांक १९१२.