पुरातत्त्वज्ञ आणि पोलीस : एका कादंबरीमालेच्या निमित्तानें

इतिहाससंशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत गुन्ह्यांवरील कादंबऱ्यांची चर्चा कशासाठीं, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. अशा कादंबऱ्या रिकामपणीं वाचून बाजूस ठेवावयाच्या, अशीच प्रस्तुत लेखकाचीही समजूत होती. परंतु इंग्लंडांत अलीकडे लिहिल्या गेलेल्या एका मालेंत पोलिसांस साह्य करणारी व्यक्ति पुरातत्त्वज्ञ आहे. आणि तिच्या कार्यपद्धतींत जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या आपणां सर्वांस लागू पडणारें एक तत्त्व आहे. तें असें कीं, सांपडलेली वस्तु जितकें बोलते, त्याहून ती जेथें सांपडली तें स्थान अधिक बोलतें. या तत्त्वाचें थोडें विवरण येथें करण्याचें योजिलें आहे.

या मालेच्या लेखिका डोमेनिका डी रोझा या 'एली ग्रिफिथ्स' या टोपणनांवानें लिहितात. मालेंतील पहिली कादंबरी 'दि क्रॉसिंग प्लेसेस' २००९ सालीं व पंधरावी आणि शेवटची 'दि लास्ट रिमेन्स' २०२३ सालीं प्रसिद्ध झाली. नायिका रूथ गॅलोवे ही नॉर्फोक परगण्यांतील एका कल्पित विद्यापीठांत पुरातत्त्व शिकविते व खाऱ्या दलदलीच्या कांठीं एकटी राहते. पहिल्या कादंबरींत त्या दलदलींत कांहीं हाडें सांपडतात. हॅरी नेल्सन नांवाचा पोलीस अधिकारी तिच्याकडे येतो. दहा वर्षांपूर्वीं नाहींशी झालेल्या एका लहान मुलीचीं तीं हाडें असावींत, अशी त्यास शंका असते. रूथ हाडें पाहते, जागा पाहते, आणि सांगते कीं, हीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचीं, लोहयुगांतील आहेत. पोलिसांस तिचें पहिलें साह्य हें असें नकाराचें आहे : हें प्रेत तुमचें नव्हे, आमचें आहे.

कादंबरीची ही पार्श्वभूमि केवळ कल्पनेची नाहीं. नॉर्फोकच्या समुद्रकिनाऱ्यावर होम या गांवाजवळ १९९८ सालीं वाळूंतून ओकच्या खांबांचें एक वर्तुळ वर आलें. त्यांत पंचावन्न खांब असून मध्यभागीं मुळें वर करून पुरलेला एक मोठा बुंधा होता. लांकडांतील वार्षिक वलयांवरून तीं झाडें इ. स. पूर्व २०४९ मध्यें तोडलीं, असें ठरलें. १९९९ सालीं तें वर्तुळ उकरून काढण्यास स्थानिक लोकांनीं व ड्रुइड-पंथीयांनीं विरोध केला. वस्तु जागीं ठेवावी तर समुद्र ती खाणार, उचलावी तर तिचें स्थान जाणार, असा हा पेंच होता. शेवटीं खांब उचलले गेले, आणि आज ते किंग्ज लिन येथील संग्रहालयांत आहेत. कादंबरींतही असें एक वर्तुळ आहे, असें उत्खनन आहे आणि त्यास विरोध करणारा कॅथबॅड नांवाचा ड्रुइडही आहे.

आतां पुरातत्त्वज्ञ पोलिसांस नेमकें काय देतो, तें पाहूं. जमिनींत खड्डा खणून पुन्हां बुजविला, तरी जमीन पूर्ववत् होत नाहीं. निरनिराळ्या थरांची माती एकमेकींत मिसळते, खड्ड्याची कड वेगळ्या रंगानें उमटते, आणि भिंतींवर कुदळी-फावड्याच्या खुणा राहतात. म्हणून जाणता उत्खनक मूळची भिंत न मोडतां केवळ भरावाची माती काढतो, ती चाळतो, व प्रत्येक वस्तु कोणत्या थरांत होती, याची नोंद ठेवितो. भरावांत नाणें मिळालें, तर तें पाडलें जाण्यापूर्वीं तो खड्डा बुजविलेला असणें शक्य नाहीं. वरून गेलेल्या झाडाच्या मुळाचें वय मोजलें, तर खड्डा निदान तितका जुना आहे, असें सिद्ध होतें. घाईघाईनें खणणारा शिपाई हाड बाहेर काढतो खरा, परंतु साक्षीदारास मुका करून आणतो.

मालेंत या तत्त्वाचीं उदाहरणें अनेक आहेत. 'दि जेनस स्टोन' (२०१०) मध्यें पाडल्या जाणाऱ्या जुन्या घराच्या उंबरठ्याखालीं मुलाचा शिरहीन सांगाडा निघतो; तो रोमनांच्या वास्तुबलीचा कीं अलीकडच्या खुनाचा, हा प्रश्न पडतो. 'दि घोस्ट फील्ड्स' (२०१५) मध्यें दुसऱ्या महायुद्धांतील एक विमान मातींतून निघतें, व त्यांत वैमानिकाच्या जागीं सांगाडा असतो. परंतु तो त्या वैमानिकाचा नसून मागाहून तेथें आणून बसविलेला आहे, असें उघडकीस येतें. स्थान खोटें सांगूं लागलें कीं तें खोटेंही स्थानावरूनच पकडावें लागतें.

प्रत्यक्षांत घडलेली एक हकीकत या सर्वांहून अधिक बोधप्रद आहे. चेशायर परगण्यांत लिंडो मॉस नांवाची दलदल आहे. तेथें जळणास व बागांस उपयोगी पडणारी 'पीट' नांवाची माती काढीत असत. मे १९८३ मध्यें ही माती यंत्राकडे जात असतां कामगारांस तींत कवटीचा एक भाग आढळला; त्यावर केंसही होते. दलदलीजवळ पूर्वीं राहणाऱ्या एका गृहस्थाची पत्नी सुमारें वीस वर्षांपूर्वीं नाहींशी झालेली होती. कवटीची वार्ता कळतांच त्यानें आपण पत्नीचा खून केल्याचें कबूल केलें. पुढें कवटीचें कालमापन झालें, आणि ती सतराशेंहून अधिक वर्षांपूर्वींची, रोमन अमदानींतील निघाली! त्यानें जबानी फिरविण्याचा प्रयत्न केला. परंतु कबुलीच्या आधारें डिसेंबर १९८३ मध्यें तो दोषी ठरला. पत्नीचे अवशेष मात्र मिळाले नाहींत.

न्यायशास्त्राच्या अभ्यासकांस येथें एक जुना दृष्टांत आठवेल. पर्वतावरील धुक्यास धूर समजून कोणी तेथें अग्नीचें अनुमान केलें, आणि योगायोगानें तेथें खरोखरच अग्नि असला, तरी तें अनुमान शुद्ध ठरत नाहीं. कारण हेतूच असिद्ध होता. लिंडोची कवटी हें असेंच धुकें होय. निष्कर्ष खरा निघाला, लिंग खोटें निघालें. असें कां झालें? दलदलींत आम्लता असते व प्राणवायु नसतो, म्हणून केंस-कातडी शतकानुशतकें टिकतात, आणि नुसत्या डोळ्यांस जुनें-नवें कळत नाहीं. शिवाय ती कवटी यंत्राकडे जाणाऱ्या मातींत मिळाली होती. तिचें स्थान हरवलें होतें, म्हणूनच ती कोणाचीही होऊं शकली.

याच्या उलट प्रकार पुढच्याच वर्षीं घडला. ऑगस्ट १९८४ मध्यें तेथेंच एक मानवी पाय मिळाला. या वेळीं परगण्याचे पुरातत्त्वज्ञ रिक टर्नर यांनीं दलदलींत जाऊन उरलेलें शरीर शोधलें, व तें भोंवतालच्या मातीच्या गठ्ठ्यासह उचलण्यांत आलें. तोच आज ब्रिटिश म्यूझियममध्यें असलेला 'लिंडो मॅन'. त्याच्या शेवटच्या भोजनांतील धान्य कोणतें होतें, हेंही अभ्यासकांस सांगतां आलें.

कादंबऱ्यांत कांहीं सवलती घेतलेल्या आहेत, हें सांगणें अवश्य आहे. मोजमापाचे निकाल कथेच्या सोयीनें येतात. आणि हाडें, माती व वनस्पति यांच्या निरनिराळ्या तज्ज्ञांचें काम बव्हंशीं एकाच नायिकेकडे येतें. नायिका व अधिकारी यांच्या खासगी संबंधांनीं पुष्कळ पानें व्यापिलीं आहेत, त्यांशीं आपणांस कर्तव्य नाहीं. परंतु 'हें कोणाचें?' या पोलिसी प्रश्नाआधीं 'हें कोठें व कशाखालीं होतें?' असा प्रश्न रूथ नेहमीं विचारते, आणि तेथें लेखिकेनें शास्त्र सोडलेलें नाहीं.

हाच प्रश्न आपल्या दप्तरांस लावून पाहावा. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं प्रस्तुत लेखकास एका जुन्या वाड्यांत मोडी कागदांचा एक रुमाल पाहावयास मिळाला. उत्साहाच्या भरांत मीं तो सोडला, घड्या उलगडल्या, आणि सर्व पत्रें तारीखवार लावून दिलीं. मोठी सेवा केली, असें तेव्हां वाटलें. त्यांत एक छोटी चिठी होती. तीवर 'छ' घालून चंद्र व महिना होता, परंतु सन नव्हता. ती दुसऱ्या एका पत्राच्या घडींत होती, एवढेंच आठवतें; कोणत्या, तें आठवत नाहीं. त्या पत्रास सन असता, तर चिठीसही मिळाला असता. एका कुटुंबाच्या वांटणीचा काल त्या चिठीवरून ठरला असता. तो आतां ठरणें नाहीं. कागद सुरक्षित आहे. साक्ष मात्र मीं माझ्या हातांनीं पुसली.

म्हणून संग्राहकांस एवढीच विनंति आहे. रुमाल सोडण्यापूर्वीं त्याची गांठ, वेष्टन व त्यावरील अक्षरें टिपून ठेवावीं. आज खिशांतील दूरध्वनीनें छायाचित्र घेणें क्षणाचें काम आहे. कागद ज्या क्रमानें निघेल, त्या क्रमानें त्यास अंक द्यावा. कशाच्या घडींत काय होतें, तें लिहावें. कोणत्या घराच्या कोणत्या कोनाड्यांतून दप्तर आलें, तें विक्रेत्यास विचारून घ्यावें. तारीखवार लावणें मग याद्यांत करावें, कागदांत करूं नये. चिठीवर सन घालण्यास तिचा लेखक परत येणार नाहीं. तो सन शेजारच्या कागदानें सांगावयाचा असतो, आणि ते दोन कागद शेजारीं ठेवणें एवढेंच आपल्या हातीं आहे.